टीममधला हशा: तो कुठून येतो, काय करतो आणि कसा सांभाळावा

मी एका ग्राहक-हेल्पलाइनवर शिफ्ट सांभाळते आणि नव्याने टीम लीडर झालेल्यांना तयार करते. त्यांच्यापैकी कुणी ना कुणी पहिल्या काही दिवसांत येऊन विचारतंच, "मॅडम, टीमशी हसूनखेळून राहायचं की जरा अंतर ठेवायचं?" त्यांना जे तोंडी सांगते तेच इथे सविस्तर लिहिते आहे. उदाहरणं माझ्या कामातली असली तरी वॉर्ड, वर्कशॉप, शिक्षकांची खोली, बँकेचं काउंटर, कुठेही हे लावून बघता येईल.

माझं म्हणणं थोडक्यात असं. कामाच्या ठिकाणी पिकलेल्या प्रत्येक हशाचा खर्च कुणाच्या तरी खात्यावर पडतो. कधी परिस्थितीच्या, कधी बोलणाऱ्याच्या स्वतःच्या, तर कधी तिथेच खुर्चीत बसलेल्या एखाद्याच्या. तो कुणाच्या खात्यावर पडतोय हे बघायची सवय लागली, की बाकीचं बरंचसं आपोआप जमतं.

आधी नुसतं ऐका

नवीन टीम हातात आली की पहिला आठवडा स्वतः विनोद करायच्या भानगडीत पडू नका. वहीत तीनच गोष्टी टिपा: कोण बोललं, कोण हसलं, आणि हसण्याआधीचं वाक्य नेमकं काय होतं. टिपून झाल्यावर ती वाक्यं पुन्हा वाचा. त्यात विनोद जवळजवळ सापडणारच नाही. "आला एकदाचा!", "म्हणजे आज पण मीच का?", "बघू या आता", असली वाक्यं सापडतील.

रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञाने हेच काम मोठ्या प्रमाणावर केलं. त्याने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी सार्वजनिक ठिकाणी लोकांच्या नकळत हसण्याचे सुमारे 1200 प्रसंग टिपले. विनोद म्हणता येईल अशा वाक्यानंतर आलेलं हसू त्यात 20 टक्क्यांहूनही कमी होतं. बोलणारा माणूस ऐकणाऱ्यापेक्षा सरासरी 46 टक्के जास्त हसत होता. आणि त्याच्याच दुसऱ्या एका पाहणीत, एकटं असताना हसण्यापेक्षा सोबत कुणी असताना हसण्याचं प्रमाण तीसपट भरलं.

ज्यांना विनोद सांगता येत नाही अशा टीम लीडरना मी हे आकडे मुद्दाम सांगते. "मॅडम, मला जमत नाही हो हसवायला" असं म्हणत एखादी चांगली, मन लावून काम करणारी मुलगी उगाच खट्टू होते. तिला हसवता आलं नाही तरी काहीही बिघडत नाही. लोक एकमेकांना "मी इथेच आहे, आपलं ठीक चाललंय" असं कळवण्यासाठी हसतात. तिने त्या हसण्यात सामील व्हावं आणि ते मोडू नये, एवढं पुरतं.

हसू येतं कुठून

यावर विचार करणाऱ्यांनी वेगवेगळी कारणं सांगितली आहेत आणि प्रत्येक कारण तुम्हाला एकाच शिफ्टमध्ये दिसेल. सतराव्या शतकात थॉमस हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाचं म्हणणं होतं की दुसऱ्याचा कमीपणा दिसला की आपण अचानक मोठे झाल्यासारखे वाटतो आणि त्या भरात हसतो. हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज विचारवंताने 1860 मध्ये लिहिलं की साठलेला ताण शरीराला कुठूनतरी बाहेर काढायचा असतो, हसणं ही त्याची एक वाट. अपेक्षा एक आणि घडलं भलतंच, की हसू फुटतं, असं मानणारी तिसरी परंपराही आहे. मला सगळ्यात उपयोगी पडली ती पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरन यांनी 2010 मध्ये मांडलेली बाजू: काहीतरी चुकीचं किंवा नियमाबाहेरचं घडतंय, आणि त्याच क्षणी ते निरुपद्रवीही वाटतंय, अशा वेळी आपण हसतो. दोन्ही एकदम वाटायला हवं. निरुपद्रवी वाटणं गेलं की हसूही जातं. म्हणूनच एका वाक्यावर टेबलाचा अर्धा भाग हसतो आणि उरलेला अर्धा भाग खाली मान घालून बसतो. वाक्य एकच असतं, फक्त अर्ध्या लोकांसाठी ते निरुपद्रवी नसतं.

ताणातून आलेलं हसू कसं दिसतं ते सांगते. आमच्याकडे एक नवी मुलगी कॉलवर होती. समोरचा माणूस मशीन चालू होत नाही म्हणून बराच वेळ आवाज चढवून बोलत होता. तिने एकेक गोष्ट तपासायला लावली आणि शेवटी निघालं काय, तर प्लगच बसवलेला नव्हता. त्यावर तो म्हणाला, "मग हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?" कॉल तुटला. तिने हेडसेट काढून टेबलावर ठेवला, हात थरथरत होते. शेजारच्या खुर्चीवरचे दादा, जुने जाणते, त्यांनी आपला पुढचा कॉल रोखून धरला, आधी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मग हळूच म्हणाले, "प्लगचं स्टेटमेंट घेतलंस का? त्याची बाजू राहिलीच." ती हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. पाणी पिऊन पुढच्या कॉलला बसली.

दादांनी काय केलं ते नीट बघा, कारण शिकायचं ते इथेच आहे. कॉल संपेपर्यंत ते थांबले. तोंड उघडण्याआधी तिच्याकडे पाहिलं. आवाज तिच्यापुरता ठेवला, पूर्ण रांगेला ऐकवला नाही. आणि हशाचा सगळा भार प्लगवर टाकला. ग्राहकाला नावं ठेवली नाहीत, तिच्या थरथरत्या हातांचा तर उल्लेखही नाही. हेच दादा "अगं, एवढ्याने रडतेस?" असं म्हणाले असते तरी आसपासचे हसले असते. फक्त ते हसू तिच्या खर्चाने झालं असतं.

कंटाळा, आणि केळ्याची वेळ

ताणाइतकंच मोठं दुसरं कारण म्हणजे कंटाळा. एकसुरी कामात विनोद काय करतो याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं वर्णन डोनाल्ड रॉय या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचं आहे, 1959 सालचं. तो स्वतः एका कारखान्यात मशीन चालवायला बसला होता. लहानशी खोली, मोजके कामगार, दिवसभर तेच साचे दाबायचे. सुरुवातीला काम सोडून जावं इतका तो कंटाळला. मग त्याच्या लक्षात आलं की या खोलीचं स्वतःचं एक वेळापत्रक आहे. रोज सकाळी एक कामगार दुसऱ्याच्या डब्यातलं केळं पळवायचा, "केळ्याची वेळ!" असं ओरडायचा आणि तिथेच खाऊन टाकायचा. ज्याचं केळं जायचं तो रोज तक्रार करायचा आणि तरी रोज नवं केळं आणायचा. ते त्याला स्वतःला कधीच खायला मिळालं नाही. नंतर कुणीतरी खिडकी उघडायची, त्यावरून वाद व्हायचा. तेच प्रसंग, तीच वाक्यं, रोज. या थांब्यांमुळे दिवसाचे तुकडे पडायचे आणि तो सरायचा.

पुढची गोष्ट मी प्रत्येक टीम लीडरला सांगते. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या कामगाराचा जावई प्राध्यापक होता आणि त्याचा त्याला फार अभिमान होता. एकदा रॉयने स्वतःच एक थट्टा सुचवली, की तो प्राध्यापक खरं तर न्हावीकाम शिकवणाऱ्या शाळेत शिकवतो असं म्हणू या. म्हटलं गेलं, आणि त्या माणसाने बोलणंच टाकलं. केळं बंद, खिडकी बंद, गप्पा बंद. खोलीत नुसती मशीनं चालू राहिली आणि रॉयला थकवा पुन्हा जाणवायला लागला. समेट व्हायला बरेच दिवस गेले.

खोलीत रोज चोरी होत होती, भांडणं होत होती, तरी कुणी दुखावलं नाही. केळं हे सगळ्यांनी मिळून मान्य केलेलं लक्ष्य होतं. जावई नव्हता. तो त्या माणसाच्या आयुष्यातली मोलाची गोष्ट होती. तुमच्या टीममधली "केळी" ओळखा: सतत अडकणारा प्रिंटर, सोमवारचा रिपोर्ट, लिफ्टमधला आवाज. आणि प्रत्येकाचा "जावई" कोण तेही ओळखा. कुणाचं गाव, कुणाची भाषा, कुणाचं शिक्षण, कुणाचं आजारी मूल. तिकडे बोट जाऊ द्यायचं नाही. कुणी काय मनाशी जपून ठेवलंय हे कळायला वेळ द्यावा लागतो, म्हणून तर पहिला आठवडा गप्प बसायला सांगितलं.

आणि हो, टीमने स्वतः जमवलेला असा नेम दिसला तर तो वेळ वाया जातोय म्हणून बंद करू नका. दोन-चार मिनिटं वाचवायला जाल आणि दुपार लोळागोळा होईल.

अंगावर आणि कामावर काय परिणाम होतो

रॉबिन डनबर हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग करून दाखवलं की मनमोकळं हसल्यावर माणसाची वेदना सोसण्याची मर्यादा वाढते. पुढे 2017 मध्ये फिनलंडच्या संशोधकांना मेंदूच्या स्कॅनमध्येही दिसलं, की मित्रांसोबत हसल्यावर मेंदूतली नैसर्गिक वेदनाशामकं बाहेर पडतात. शिफ्ट संपताना "आज बरं वाटलं" असं जे वाटतं त्यामागे शरीरात खरंच काहीतरी घडलेलं असतं. 2012 मध्ये आधीचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा चांगल्या प्रकारच्या विनोदाचं नातं समाधानाशी, टीमच्या एकोप्याशी, कामाच्या दर्जाशी आणि कमी थकव्याशी दिसलं. नातं दिसलं, एवढंच म्हणू या. चांगल्या चाललेल्या टीमला हसणंही जास्त सुचतं, ही बाजू विसरायची नाही. त्यामुळे "हास्यदिन" ठेवून आकडे सुधारतील अशी आशा धरू नका.

उलटी बाजूही अभ्यासली गेली आहे. साहेब विनोदी असला की टीमचं कामात लक्ष वाढतं, पण त्याचबरोबर "इथे नियम थोडे वाकवले तरी चालतात" असाही निरोप पोचतो, असं 2018 च्या एका संशोधनात आढळलं. साहेबाचा विनोद बोचरा असेल तर हा दुसरा निरोप जास्त जोरात पोचतो. मी हे डोळ्यांनी बघितलंय. ज्या टीमचा लीडर ग्राहकांच्या नकला करतो, त्या टीममध्ये लवकरच कुणीतरी ग्राहकाला कारण नसताना होल्डवर ठेवून बोलत बसलेलं सापडतं.

तुमच्या विनोदावर कोण हसतं याला फारसा अर्थ नाही

हे ऐकायला कडू आहे, तरी लीडर झाल्यावर सगळ्यात आधी हेच गिळावं लागतं. रोझ लाउब कोझर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1960 मध्ये एका मानसोपचार रुग्णालयातल्या बैठकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वरिष्ठ डॉक्टर जास्त विनोद करत होते आणि त्यांचा रोख बहुतेक वेळा कनिष्ठांवर होता. कनिष्ठ मात्र वरिष्ठांच्या देखत त्यांच्यावर विनोद करत नव्हते. विनोद बैठकीत वरून खाली वाहत होता. साठ वर्षं उलटून गेली, पण पुढच्या मीटिंगमध्ये मोजून बघा.

तुमच्या हाताखालचा माणूस हसतो तेव्हा त्याला तुमच्याकडून रजा मंजूर करून घ्यायची असते, मूल्यमापन लिहून घ्यायचं असतं. तोंडदेखलं हसणं ओळखायला शिका. खरं हसणारा हसताना शेजाऱ्याकडे बघतो, तोंडदेखलं हसणारा तुमच्याकडे बघतो. हा माझा अनुभव आहे आणि तो सहसा मला चकवत नाही. आणखी एक खूण: तुम्ही खोलीत शिरल्यावर चाललेलं हसू थांबतं का? एखाद्या वेळी थांबलं तर काही नाही. नेहमीच थांबत असेल तर त्या हसण्याचा विषय बहुधा तुम्ही किंवा तुमचा एखादा निर्णय आहे. तेव्हा रागावू नका, निर्णय पुन्हा तपासा.

म्हणून लीडरसाठी मी एकच बंधन घालते. चिमटा काढायचा तर वरच्याला, बरोबरीच्याला, यंत्रणेला किंवा स्वतःला काढा. हाताखालच्याला काढू नका, प्रेमानेही नाही. तो तुम्हाला उलट चिमटा काढू शकत नाही.

टोपणनाव

एक मुलगा होता. बोलण्याआधी क्षणभर थांबायचा. टीमने त्याचं नाव "बफरिंग" पाडलं. तो स्वतःही हसायचा. मीटिंगमध्ये बोलायची पाळी आली की आधीच म्हणायचा, "थांबा, बफरिंग चालू आहे." सगळे हसायचे. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, किती खेळकर टीम आहे.

मग मोठ्या क्लायंटच्या कामासाठी माणसं निवडायची बैठक झाली. त्याचं नाव आलं, तसं एक जण म्हणाला, "बफरिंगला क्लायंटसमोर कसं बसवणार?" हशा पिकला आणि बैठक पुढच्या नावाकडे सरकली. मी थांबवलं आणि त्याचे रेकॉर्ड केलेले कॉल लावले. तो क्षणभर थांबत होता, कारण ग्राहकाचं बोलणं पूर्ण होऊ देत होता. त्याच्याकडे आलेल्या तक्रारी पुन्हा फारशा उघडतच नव्हत्या. एका टोपणनावाने त्याच्या कामाचं मूल्यमापन करून टाकलं होतं आणि खोलीतल्या कुणालाही आपण ते केलं असं वाटत नव्हतं.

नंतर त्याला बाजूला बोलावून विचारलं, "तुला हे नाव आवडतं का रे?" तो म्हणाला, "नाही मॅडम. पण मीच आधी म्हटलं की दुसऱ्या कुणाला म्हणायची संधी मिळत नाही."

मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये विनोदाचे चार प्रकार मांडले: माणसं जोडणारा, स्वतःला सावरणारा, दुसऱ्याला टोचणारा आणि स्वतःला खाली खेचणारा. पहिले तीन ओळखणं सोपं आहे. चौथ्यात माणूस स्वतःच हसत असतो, म्हणून तो नजरेतून सुटतो. स्वतःवर सहज हसणारा माणूस आणि मार चुकवायला स्वतःवर हसणारा माणूस यांतला फरक बघायचा असेल, तर तो गंमत कधी करतो ते पाहा. पहिला कधीही करतो. दुसरा नेमका बोलायची पाळी येण्याआधी, चूक दाखवली जाण्याआधी, नाव पुकारण्याआधी करतो.

टोपणनाव मोडायला भाषण देऊ नका. भाषण दिलंत की त्याच्यावर आणखी एक विनोद तयार होईल. तुम्ही स्वतः प्रत्येक वेळी पूर्ण नाव घ्या, मेलमध्येही. कुणी टोपणनावाने विचारलं तर उत्तर खऱ्या नावाने द्या. आणि त्या माणसाच्या कामातली एखादी ठोस गोष्ट सगळ्यांसमोर बोला. आमच्याकडे "बफरिंग" तसंच विरलं.

मूल्यमापन लिहितानाही एक तपासणी करा. विनोदी पुरुषाला लोक वरचा दर्जा देतात आणि तोच विनोद करणाऱ्या बाईला खालचा, असं 2019 च्या एका प्रयोगात आढळलं. मजकूर एकच, बोलणारा पुरुष की बाई एवढाच फरक. "वातावरण हलकं ठेवतो" आणि "कामाबाबत गंभीर नाही" ही दोन वाक्यं तुम्ही कुणाकुणाबद्दल लिहिली आहेत ते एकदा समोरासमोर ठेवून वाचा.

लिहिताना

ग्रुपवर टोमणा टाकू नका. जस्टिन क्रुगर आणि सहकाऱ्यांच्या 2005 च्या प्रयोगात मेल लिहिणाऱ्यांना वाटत होतं की आपला उपरोध 78 टक्के वेळा ओळखला जाईल. प्रत्यक्षात तो 56 टक्केच ओळखला गेला, म्हणजे नाणं उडवून मिळालं असतं त्याच्यापेक्षा थोडंसंच जास्त. आवाजात तोच मजकूर 73 टक्के वेळा बरोबर कळला. "वा, आज लवकर!" हे तोंडाने म्हटलं तर गंमत होते. सगळ्यांच्या ग्रुपवर लिहिलं, की तो माणूस रात्री ते पुन्हा पुन्हा वाचतो.

फसलं तर

तुमचा विनोद कुणाला लागला हे लक्षात आलं, तर "अरे, मी गंमत केली" असं म्हणू नका. त्याने दुखावल्याचा दोष त्याच्याच माथी जातो. "ते बोलायला नको होतं, चुकलो" एवढं म्हणा, त्याच दिवशी म्हणा, आणि विनोद सगळ्यांसमोर झाला असेल तर हेही सगळ्यांसमोर म्हणा. लांबण लावू नका, नाहीतर समोरच्यालाच तुमची समजूत काढावी लागते.

लक्ष्य तुम्ही असाल तर हसायचं बंधन तुमच्यावर नाही. चेहरा साधा ठेवून "कळलं नाही, परत सांगता का?" असं विचारा. बोचऱ्या वाक्याचा अर्थ उलगडून सांगणं बोलणाऱ्याला जड जातं आणि बहुतेक जण तिथेच विषय सोडतात. बघ्याच्या भूमिकेत असाल तर न हसणं हेसुद्धा मोठं काम आहे. जमलं तर लगेच त्या माणसाला त्याच्या कामाचा प्रश्न विचारा, म्हणजे बोलणं त्याच्या हातात परत जातं.

शरीर, धर्म, जात, बोली, बाई किंवा पुरुष असणं यांवरची शेरेबाजी पुन्हा पुन्हा होत असेल, तर ती हसण्यावारी नेऊ नका आणि "सांभाळून घे" असा सल्लाही कुणाला देऊ नका. तारीख, वेळ, नेमके शब्द आणि तिथे हजर असलेल्यांची नावं त्याच दिवशी लिहून ठेवा. ग्रुपवरचा मजकूर असेल तर पुसला जायच्या आत त्याचा स्क्रीनशॉट घ्या. मग लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तक्रार घेऊन कुणी तुमच्याकडे आलं, तर पहिला प्रश्न "त्याचा हेतू तसा होता का?" हा नसावा. "नेमकं काय म्हणाला ते सांग, मी लिहून घेते," असं म्हणा आणि तिथेच कागद पुढे ओढा.